तुम्ही विचारलंत म्हणून: एका शब्दात उत्तर का देत नाही

"सनस्क्रीनमधले, गोळ्यांच्या पांढऱ्या आवरणातले नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, अस्थिमज्जेला (हाडाच्या आतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या गराला) घातक आहेत की नाहीत, ते एका शब्दात सांगा," असे मला नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, आणि मी क्षणभर थांबले की "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही" असे म्हणून विषय संपवतात. कोणत्या धातूचे ऑक्साइड, ते कोणत्या वाटेने शरीरात गेले आणि त्यातले मज्जेपर्यंत किती पोहोचले, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. यातले शेवटचे मला फार उशिरा कळले.

पीएच.डी.साठी मी 36 उंदीर घेतले होते. काहींना 14 दिवस तोंडावाटे टायटॅनियम डायऑक्साइडचे (गोळ्यांच्या आवरणाला पांढरेपणा देणाऱ्या ऑक्साइडचे) नॅनोकण दिले, काहींना नुसते पाणी, आणि काहींना गुणसूत्रे हमखास मोडणारे सायक्लोफॉस्फामाइड. मग मांडीच्या हाडातली मज्जा सिरिंजने धुऊन काढली, स्लाइडवर पसरून रंगवली आणि प्रत्येक उंदराच्या 2,000 कोवळ्या तांबड्या पेशींत सूक्ष्मकेंद्रके मोजली. तांबडी पेशी तयार होताना आपले मुख्य केंद्रक बाहेर टाकते; मोडलेल्या गुणसूत्राचा तुकडा त्याबरोबर बाहेर न पडता पेशीत मागे राहिला, तर तो असा ठिपका होऊन दिसतो. नॅनोकण दिलेल्या उंदरांत ठिपके वाढले नव्हते आणि मज्जेला इजा झाली की बदलणारे कोवळ्या व पक्व पेशींचे परस्परप्रमाणही बदलले नव्हते. मज्जेवर विषारी परिणाम नाही, असा निष्कर्ष मी लिहिला आणि त्याच आठवड्यात ताईला फोनवर सांगितले, "निर्धास्त राहा."

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी शांतपणे विचारले, "कण मज्जेत पोहोचले होते, याचा पुरावा कोणत्या पानावर आहे?" मी पाने उलटत राहिले. तसे पान नव्हते. पेशींचे प्रमाण न बदलणे हा मी सुरक्षिततेचा पुरावा मानला होता. पण कण तिथे गेलेच नसते तरी नेमके हेच दिसले असते, आणि तोंडावाटे दिलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो, हे तर मला पाठ होते. मज्जेतले टायटॅनियम मोजण्याचे उपकरण आमच्याकडे नाही, असे मी म्हणाले. ते खोटे नव्हते. पण एकेक हाड गोठवून ठेवायला उपकरण लागत नाही, आणि ती हाडे तर केव्हाच जाळून टाकलेली होती. दुरुस्त्या करून पदवी मिळाली. जे प्राणी मी मारले, त्यांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते, हे मात्र कोणत्याही दुरुस्तीत बसले नाही.

सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचे (जस्ताच्या ऑक्साइडचे) नेमके उलटे आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याने मज्जापेशी खरोखर मरतात, कारण कण पेशीतल्या आम्लधर्मी लायसोसोममध्ये (पेशीत आलेले पदार्थ पचवणाऱ्या पिशवीत) विरघळतो आणि जस्ताचे आयन एकदम सुटतात. पण बशीत आपण कण थेट पेशींवर ओततो. ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावर 5 दिवस सनस्क्रीन लावलेल्या लोकांच्या रक्तात त्यातल्या जस्ताचा अत्यल्प अंश सापडल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. तो कणरूपात होता की आयनरूपात, हे त्या मोजमापावरून सांगता येत नव्हते.

"मग सुरक्षितच म्हणा ना," असे तुम्ही म्हणाल. तेही मी म्हणणार नाही. गेल्या शतकात क्ष-किरण तपासणीसाठी थोरोट्रास्ट, म्हणजे थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, रुग्णांच्या रक्तात टोचत असत. ते यकृत, प्लीहा आणि मज्जेत जन्मभर राहिले आणि पुढे अनेकांना यकृताचा किंवा रक्ताचा कर्करोग झाला. तिथे घात किरणोत्सर्गाने केला, हे मान्य. पण रक्तात शिरलेला न विरघळणारा कण मज्जेत मुक्काम ठोकू शकतो, हे त्यातून दिसलेच.

2022 मध्ये युरोपीय संघाने खाद्यपदार्थांतल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर बंदी घातली, कारण जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नव्हती. ताईने ती बातमी पाठवून लिहिले, "तू तर निर्धास्त राहा म्हणाली होतीस." म्हणाले होते. सनस्क्रीन मी आजही लावते, फक्त फवाऱ्याचे टाळते, कारण ते श्वासावाटे आत जाते. तिच्या मुलांच्या गोळ्यांबद्दल मात्र मी एवढेच कळवले, की माझ्या त्या उंदरांवरून काहीच सांगता येणार नाही.