‘ओरिजिनल’ ठाणे गॅझेटियरसाठी तुर्भ्याला निघण्याआधी हे वाचा

तुर्भे एमआयडीसीत जुन्या पुस्तकांचा आणि रद्दीचा एक गाळा आहे. त्या गाळ्यात १८८२ चं ठाणे गॅझेटियर, म्हणजे ब्रिटिश काळातला जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, नाही. फोनवर विक्रेता ‘ओरिजिनल, ब्रिटिश टाइमचं, तिन्ही पुस्तकं’ म्हणतो आणि शीर्षकपानाचे फोटो पाठवतो. फोटोत साल खरंच १८८२ दिसतं. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने भर दुपारी तिथे पोचलो आणि हातात आलं ते सरकारी पुनर्मुद्रण. किंमत साडेसात हजार!

साल १८८२ का दिसतं ते आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यावरच चालते. राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड जसेच्या तसे, पानाचा फोटो घेऊन पुन्हा छापले. त्यामुळे जुनं शीर्षकपान सालासकट त्यात येतं. नव्या छपाईची माहिती आणि नवी प्रस्तावना सुरुवातीच्या एक-दोन पानांवर असते. मला दाखवलेल्या प्रतीत ती पानं ब्लेडने शिवणीलगत कापलेली होती, मुळाशी दोरासारखी अरुंद पट्टी शिल्लक होती. वर पुठ्ठ्याला चहाच्या पाण्याचा रंग दिलेला. पुनर्मुद्रण विकण्यात काही गैर नाही, अभ्यासाला ते उत्तमच आहे. पण पानं कापून ते जुनं म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे.

ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च पानावर तिरपा धरा आणि पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळेछपाईत, म्हणजे धातूचे टाइप दाबून होणाऱ्या जुन्या छपाईत, अक्षर कागदात रुततं, मागे किंचित उठाव लागतो. फोटोवरून छापलेलं पान सपाट असतं आणि बारीक टाइपातल्या तळटीपांमध्ये अक्षरांची पोटं शाईने बुजलेली दिसतात. मग शिवण पाहा आणि पहिल्या दहा पानांच्या मुळाशी कापल्याची पट्टी शोधा. घडीचा नकाशा जागेवर आहे का तेही बघा. नकाशे वेगळे काढून फ्रेम करून विकायची पद्धत आहे, त्यामुळे खऱ्या जुन्या प्रतीतूनही ते गेलेले असतात. विक्रेता टॉर्च लावू देत नसेल तर तिथून उठा.

‘तिन्ही पुस्तकं’ हा हिशेब मात्र बरोबर आहे. तेरावा खंड दोन भागांत आणि चौदावा, स्थळवर्णनाचा, एका पुस्तकात. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या मालेतले हे खंड. नवी मुंबईकरांनी कुलाबा जिल्ह्याचा (आताच्या रायगडचा) खंड घ्यायची घाई करू नये. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे बेलापूर, पनवेल, उरण हे सगळं ठाण्याच्याच खंडांत आहे. फक्त एकच पुस्तक परवडणार असेल तर चौदावा घ्या. त्यात सोपाऱ्याबद्दल (आजच्या नालासोपाऱ्याबद्दल) जे आहे, ते पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी त्याच १८८२ साली तिथला बौद्ध स्तूप खणला त्या ताज्या कामावर उभं आहे. एवढ्यासाठीही तो खंड घरी असावा असं मला वाटतं.

आता तो रस्ता. तुर्भे स्टेशनच्या एमआयडीसीच्या बाजूला उतरून ठाणे-बेलापूर रोडपलीकडे आत चालत जाऊ नका. नकाशात अंतर किरकोळ दिसतं, पण प्रत्यक्षात कंटेनरच्या रांगा आणि खडीच्या डंपरची धूळ आहे. फुटपाथ मध्येच गटारावरच्या उघड्या फरशीवर संपतो आणि सावलीला झाड नाही. येताना पाठीवर पुस्तकं असली की हाच रस्ता दुप्पट होतो. रिक्षावाले आतल्या गाळ्यांसाठी मीटर टाकायला तयार नसतात. मला सांगितलेला आकडा मीटरच्या तिप्पट होता, आणि परतताना तोही द्यावा लागला, कारण आत दुसरी रिक्षाच नव्हती. जायचंच असेल तर जाणारी रिक्षा थांबवून ठेवा आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा.

गाळ्यातला माल पोटमाळ्यावर आहे, तिथे लोखंडी शिडीने चढावं लागतं. वर पंखा नाही आणि पत्रा तापलेला असतो. मास्क, हातमोजे तुमच्याकडे असतीलच, पाणी जास्त घ्या. वर माल गठ्ठ्याने विकतात, सुटं पुस्तक देत नाहीत. गठ्ठा सोडून बघू द्या असं ठामपणे म्हणा, कारण वरची चार पुस्तकं निवडून लावलेली असतात आणि खाली गाइडं आणि जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. माझं मत स्पष्ट आहे: त्या गाळ्यात गॅझेटियरसाठी जाणं म्हणजे पैसे आणि अंग दोन्ही फुकट घालवणं.

पण त्याच पोटमाळ्यावर, दाराशी ठेवलेल्या ‘किरकोळ’च्या पोत्यात, मला जे मिळालं त्याने सगळा शीण उतरला. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांच्या चळवळीची पत्रकं, गावकी मंडळांच्या स्मरणिका, उरणजवळच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावरची एक पातळ पुस्तिका. २५ सप्टेंबर १९३० चा तो सत्याग्रह, जानेवारी १९८४ मध्ये जासईजवळ प्रकल्पग्रस्तांवर झालेला पोलिस गोळीबार आणि त्यात गेलेले पाच जण, चळवळीचे नेते दि. बा. पाटलांच्या सभा. या भूमीचा हा इतिहास जाड खंडांत नाही, तो या पिवळ्या पत्रकांत आहे आणि रद्दीच्या भावाने जातो आहे. पोतं विक्रेत्याने वजनावर दिलं. मी घासाघीस केली नाही.

नवी मुंबईच्या जन्माची कागदपत्रंही अशीच अनपेक्षित ठिकाणी निघतात. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व इंजिनियर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली तो ‘मार्ग’ या कलाविषयक मासिकाचा १९६५ चा अंक आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचा १९७३ चा विकास आराखडा ही दोन नावं रद्दीवाल्याला लिहून द्या. वाशी-नेरुळमधल्या निवृत्त इंजिनियरांच्या घरांतून असं काही ना काही बाहेर येतं.

ठाणे त्या मानाने सोपं आहे. नौपाडा आणि चरईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की आजोबांची कपाटं रिकामी होतात, आणि चार दिवसांत ती पुस्तकं जवळच्या रद्दीच्या दुकानात येतात. महिनाअखेरीला, लोक घर सोडतात तेव्हा चक्कर मारा. १९६०, १९८८ आणि २०१० या तिन्ही ठाणे साहित्य संमेलनांच्या स्मरणिका मागा, दुकानदार त्यांना पुस्तक समजत नाहीत. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादित केलेली ‘महिकावतीची बखर’, म्हणजे उत्तर कोकणचा जुना इतिहास सांगणारी बखर, मिळाली तर पैसे मोजून घ्या. बिंबराजाबरोबर साष्टी बेटावर वस्तीला आलेल्या कुळांचा विषय निघाला की सगळे शेवटी तिथेच येतात. नुसती वाचायची असेल तर नवी आवृत्ती पुरते. १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी एक सकाळ घालवली तर काय विकत घ्यायचं आणि काय तिथेच वाचायचं ते कळतं.

ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तक ‘रद्द’ किंवा ‘बाद’ असा दुसरा शिक्का नसेल तर घेऊ नका, कितीही दुर्मीळ असो. ते कुणाच्या तरी वाचनालयातून उचललेलं असतं. सरकारी पुनर्मुद्रण हवं असेल तर चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा, नुसता मजकूर हवा असेल तर तो इंटरनेटवर फुकट आहे.

जायचं तर मार्चच्या आत. पुढे पत्र्याखाली उभं राहवत नाही आणि जूननंतर खाडीच्या दमट हवेत पोत्यांना बुरशी धरते. आणलेला माल थेट कपाटात ठेवू नका. मऊ ब्रशने झटका, कसर दिसली तर प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर पानांवर पाणी सुटतं.