नट फिरतो, निघत नाही: सेकंडहँड गाडीचे सैल स्टड

चाकाच्या चार नटांपैकी तीन निघाले. चौथा नुसताच फिरत राहिला. पाना फिरतोय, नट फिरतोय, बाहेर मात्र काही येत नाही, आणि मधूनमधून आतून बारीक ‘कट्’. हा आवाज आला की हात थांबवायचा. चाक ज्यावर बसतं त्या हबमध्ये मागून दाबून बसवलेला स्टडच (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) नटाबरोबर फिरत असतो, आणि जितकं फिरवू तितकं हबचं भोक मोठं होत जातं.

गाडी २०१३ ची स्विफ्ट, पुढचं डावं चाक, स्टीलची रिम. ब्रेक पॅड बघायला चाक काढताना हे कळलं. खरं तर ते सौदा ठरण्याआधीच कळायला हवं होतं. गाडी बघताना आपण एसी लावून बघतो, डिकीतला गालिचा उचलून बघतो, पण चारही चाकं काढून बघायला कुणी सांगत नाही. नटाखालून ओघळलेला गंज, नटाभोवती काळपट भुकटी, रिमचं भोक लांबट झालेलं, यातलं काहीही दिसलं तर तिथे पाना लावून बघायचाच. लांबट भोकाची रिम भंगारात, तिच्यावर इलाज नाही.

हे होतं कसं? स्टडच्या डोक्याखाली उभे दाते असतात. हबचं भोक त्या दात्यांपेक्षा किंचित लहान, त्यामुळे स्टड दाबून बसवला की दाते भोकात खाचा पाडून घट्ट धरतात. ही पकड मर्यादित जोर सहन करते. एम१२ म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत नट कसायचा आकडा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या (पिळण्याच्या जोराचं माप) घरात असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या, त्याच वर्षाच्या पुस्तकातून घ्यावा. ४५ सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला की साधारण ८८ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे काम झालं. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर पावणेतीनशेच्या आसपास. टायरवाल्याची हवेची गन चारशेच्याही पुढे सहज जाते. त्यात नट तिरपा चढलेला असेल तर तो आट्यांत रुततो, आणि पुढच्या वेळी उघडताना नट सुटायच्या आधी दाते सुटतात.

काढताना जॅकवर विसंबायचं नाही. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर. पहिला उपाय साधा: बाकीचे तीन नट तीन-चार फेरे सैल करायचे, रिमच्या मागून पहार घालून चाक बाहेर ओढून धरायचं आणि दुसऱ्यानं हातपान्यानं नट हळूहळू उलटा फिरवायचा. ओढ बसली की स्टडचं डोकं हबच्या मागच्या अंगाला घासून अडतं. आटे फार गंजलेले नसतील तर नट सुटतो. आधी गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबलो होतो, तरी माझा सुटला नाही. मग बाकीचे तीन नट पुन्हा आवळून चाक पक्कं केलं आणि ग्राइंडर घेतला. १ मिलिमीटरची पातळ चकती, नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर स्टडला समांतर काप, आतले आटे दिसू लागेपर्यंत, आणि मग कापात छिन्नी ठेवून दोन घाव. नट फाकतो. डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि ठिणग्या टायरवर उडू नयेत म्हणून ओलं गोणपाट. अलॉय व्हीलमध्ये नट खोल खड्ड्यात असतो, तिथे ग्राइंडर शिरत नाही. स्टड मधोमध ड्रिल करत जावं लागतं, आणि तो फिरत असल्यानं ते वैतागाचं काम आहे. ते जमणाऱ्याकडेच सोपवावं.

चाक निघालं की कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढून तारेनं स्प्रिंगला टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क गंजानं चिकटली असेल आणि तिच्यावर आट्यांची दोन छोटी भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीनं आवळायचे, डिस्क आपोआप पुढे येते. स्टड मागे ढकलायला बॉल जॉइंटचा पुलर किंवा जाड सी-क्लॅम्प वापरायचा. हातोडा नाही. हबवर मारलेला प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोट्यांमधून जातो, त्यांच्या मार्गावर बारीक खळगे पडतात आणि महिनाभरानं ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला की आपण टायरला दोष देतो.

स्टड मिळतो पुण्यात नाना पेठेत. सोबत जुना स्टड आणि एक चांगला नट न्यायचा. ‘स्विफ्टचा द्या’ एवढ्यावर भागत नाही, कारण लांबी, दात्यांचा व्यास आणि आटे तिन्ही जुळायला हवेत. मारुतीत एम१२ ला १.२५ चे आटे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये); होंडा, ह्युंदाई आणि टोयोटाच्या स्वतःच्या गाड्यांत एम१२ लाच १.५ चे. डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीचा नट दोन फेरे हातानं जातो आणि अडतो. तिथे ‘जरा टाइट आहे’ म्हणत पाना लावला की दुसरा फिरणारा स्टड तयार. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत स्टड नसतोच, बोल्ट थेट हबमध्ये जातो. तिथे हे प्रकरण वेगळं.

आता मुख्य निर्णय. भोकात बॅटरी मारून बघायचं. आत उभ्या खाचा स्पष्ट असतील तर त्याच मापाचा नवा स्टड पुन्हा धरतो. भोक गुळगुळीत, चकचकीत असेल तर नाही. माझ्या हबचं भोक शेजारच्या चांगल्या भोकापेक्षा ०.३ मिलिमीटरनं मोठं झालं होतं आणि नवा स्टड अंगठ्यानं आत जात होता. यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला: ‘मागून वेल्डिंगचा टाका मारू, आयुष्यभर हलणार नाही.’ हलणार नाही, तुटेल. स्टड उष्णता देऊन कणखर केलेला असतो. टाक्याच्या शेजारी तो ठिसूळ होतो, शिवाय उष्णता बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत पोचते. मोठ्या दात्यांचा स्टड शोधून भोक त्याच्या मापाला रीमरनं (भोक अचूक मापाला मोठं करणारं हत्यार) करून घेणं हा खरा पर्याय आहे, पण भोक मधोमध आणि काटकोनात राहिलं पाहिजे. मी हबच बदलला.

त्यासाठी नकल (हब आणि बेअरिंग ज्यात बसतात तो लोखंडी भाग) उतरवून भोसरीत प्रेसवर नेला. हब दाबून काढताना बेअरिंगची आतली रिंग हबबरोबर निघून येते, म्हणून बेअरिंग नवं घ्यावंच लागतं. जुनं चालवून घेऊ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. नवं बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्यायचा, आणि हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार, नाहीतर बेअरिंग बसतानाच मरतं. एबीएसच्या ज्या गाड्यांत बेअरिंगच्या एका कडेला चुंबकी पट्टा असतो, तिथे ती कड सेन्सरकडे. अ‍ॅक्सलचा नट नवा. स्ट्रटचे (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब) बोल्ट उघडले होते, त्यामुळे शेवटी अलाइनमेंट.

उजव्या चाकाचे दोन स्टड हबमध्ये पक्के होते, पण त्यांचे आटे खाल्लेले. ते काम घरच्या पार्किंगमध्ये झालं. हब फिरवत मागच्या पत्र्याच्या मोकळ्या जागेसमोर भोक आणायचं, तिथूनच स्टड आत-बाहेर होतो. नवा स्टड मागून घालून दाते जुन्या खाचांत बसेपर्यंत बोटांनी हलवायचा. पुढून चार जाड वॉशर, मध्ये ग्रीस, आणि एक टाकाऊ नट उलटा, सपाट बाजू आत. दुसऱ्या दोन स्टडांमध्ये पहार अडकवून हब धरायचा आणि हातपान्यानं सावकाश ओढून घ्यायचा. जोर एकदम वाढला की डोकं टेकलं. मागून कागदाचा कपटा शिरतो का बघायचं. शिरत नसेल तर थांबायचं, पुढे ओढलं की आटे ताणतात. हेच काम रिम आणि चाकाचे चांगले नट लावून केलं तर नटांची तिरपी बैठक खरवडते.

बसवण्याआधी हबचा आणि रिमचा एकमेकांना टेकणारा भाग तारेच्या ब्रशनं चकचकीत केला. तिथला गंजाचा थर चालता चालता झिजतो आणि नट आपोआप सैल होतात. आट्यांना ग्रीस लावलं नाही. ग्रीसनं घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. नट आधी बोटांनी. एम१२ ला १.२५ च्या आट्यांत निदान दहा पूर्ण फेरे पडलेच पाहिजेत. मग समोरासमोर आळीपाळीनं, निम्मा जोर चाक हवेत असताना, उरलेला जमिनीवर टेकवून.

प्रत्येक नटापासून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली. जुन्या कात्रज घाटातून शिरवळपर्यंत जाऊन आल्यावर, साधारण शंभर किलोमीटरनंतर, थंड चाकावर पुन्हा टॉर्क पाना (ठरलेला आकडा आला की कळवणारा) लावला. उजवीकडच्या नव्या स्टडांपैकी एक नट अंगठ्याच्या नखाएवढा पुढे गेला, बाकीच्या रेघा जागेवर. आणखी शंभरानंतर तोही हलला नाही.