तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त आंबट होतं का?

मी कुडाळजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट न्यायला आलेली आजी विचारते, "माझां रगात आंबट झालां काय गो?" गणपतीला गावी आलेला चाकरमानी विचारतो, "बॉडी अॅसिडिक झालीय, अल्कलाइन कशी करू?" प्रश्न एकच. काउंटरवर घाईत अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सामू, म्हणजे पीएच, हा आंबटपणा मोजायचा आकडा: 7 च्या खाली आम्ल, 7 च्या वर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 असतो. म्हणजे रक्त मुळातच किंचित अल्कलाइन आहे. बांगडा खा नाहीतर माठाची भाजी, हा आकडा जागचा हलत नाही, कारण फुप्फुसं आणि मूत्रपिंडं त्याच्यावर दिवसरात्र राखण करत असतात. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळला की आम्ल बनतं, आणि ते श्वासावाटे बाहेर पडतं. घाटी चढताना धाप लागते, त्यातलं एक काम हेच. मासे, अंडी, डाळी यांच्या प्रथिनांतल्या गंधकापासूनही आम्ल बनतं. ते श्वासातून जात नाही, मूत्रपिंडांना लघवीतून काढावं लागतं. तोवर रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाचा जोर मारणारा क्षार, त्याला सांभाळून घेतं.

लघवीचा सामू मात्र 4.5 पासून 8 पर्यंत कुठेही असू शकतो. काहीजण पट्ट्या आणून घरी तपासतात, चार दिवस पालेभाज्या खाल्ल्यावर रंग बदलला की खूश होतात. मूत्रपिंडांनी काय बाहेर टाकलं, एवढंच ती पट्टी सांगते. रक्ताचा सामू बघायचा तर धमनीतून, बहुतेक वेळा मनगटातून, रक्त काढावं लागतं, आणि तशी वेळ सहसा अत्यवस्थ रुग्णावरच येते.

अल्कलाइन पाण्याच्या मशीनबद्दल विचाराल तर घेऊ नका. जठरातल्या रसाचा सामू 1.5 ते 3.5 असतो, तिथे पोचल्यावर त्या पाण्याची अल्कलाइन ओळख उरत नाही. आपल्या जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्याचा सामू बऱ्याचदा 7 च्या खालीच असतो. तेच पाणी पिऊन आपल्या पिढ्या वाढल्या, कोणाचं रक्त त्यामुळे आंबट झालं नाही.

जिभेला आंबट लागलं म्हणजे शरीरात आम्ल वाढलं, असंही नाही. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवीची आम्लता उलट कमी होते. काही प्रकारच्या मुतखड्यांवर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते याचसाठी. भात आणि मासळी आंबट लागत नाहीत, तरी मूत्रपिंडांना काढावं लागणारं आम्ल त्यांच्यातूनच जास्त येतं. म्हणून मासळी सोडा, असं मी कधीच सांगणार नाही. मला काळजी वाटते ती भाजीची. पावसाळ्यातला टाकळा, परसातला शेवग्याचा पाला, अळू, लाल माठ हे आपल्या ताटातून कमी होत चाललंय. भाताचा डोंगर, वर कालवण आणि कडेला नावापुरती भाजी. ती वाढवा. रक्ताचा सामू बदलण्यासाठी नव्हे, तर रक्तदाब आणि मुतखडा यांसाठी तिचा उपयोग आहे.

खरं तर विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांचा त्रास रक्तातला नसतोच. छातीत जळजळ, आंबट ढेकर, ज्याला आपण पित्त म्हणतो, तो हा त्रास. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं. जठरात ते हवंच, अन्ननलिकेत नको. आणि इथे मात्र राहणीमान खरोखर कामाला येतं. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणं थांबवा. जेवण आणि झोप यांच्यात तीन तास राहू द्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे लावा, डाव्या कुशीवर झोपा. मिशरी आणि तंबाखू सोडा. पोट सुटलं असेल तर वजन उतरवा. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात, त्या डॉक्टरांना दाखवा. सोलकढीने कोणाला बरं वाटतं, कोणाला जळजळतं. तुम्हाला काय होतं तेच खरं.

रोज खायचा सोडा घेऊन जळजळ दाबू नका. त्यात सोडियम असतं, ब्लडप्रेशर असणाऱ्यांना ते बाधतं. शिवाय दुखणं अल्सरचं असू शकतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं ते अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, हे दाखवल्याबद्दल. तो असेल तर त्यावर अँटिबायोटिक्सचा कोर्स लागतो. काळी शी, गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका.

रक्तात खरोखर आम्ल वाढतं ते आजारात. इन्सुलिन घेणाऱ्याने ते बंद केलं आणि त्याला उलट्या, पोटदुखी, खोल भरभर श्वास सुरू झाला, तर घरचे उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्यांना डॉक्टर सोडा बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. त्या मनाने बंद करू नका, मनाने सुरूही करू नका. आणि अशा माणसाला भेटायला जाताना शहाळी नेऊ नका. त्यातलं पोटॅशियम त्याची मूत्रपिंडं बाहेर काढू शकत नाहीत, आणि ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात.