फरशीखालच्या गायी

मागच्या महिन्यात पुरंदरच्या बाजूला वीरगळांचं डॉक्युमेंटेशन करत होते. त्यातला एक दिवस काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा स्मारक दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली तो कसा मेला, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, आणि वरती तो शिवलिंगासमोर बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ भरपूर सापडतात, आपल्याकडे बहुतेक दगडांवर एक अक्षर नसतं. त्यामुळे सगळा भार बघण्यावर. घोड्याचा लगाम कसा आहे, ढाल गोल की लांबट, केसांची गाठ कुठे बांधलीये, यावरून काळ ठरवायचा, तोही शतकाच्या अंदाजाने.

त्या गावात महादेवाच्या देवळाच्या भिंतीला सात वीरगळ ओळीने लावलेत. गावकरी त्यांना नुसतं वीर म्हणतात. चार वीरांना ऑइलपेंट फासलेला, त्यामुळे ठसा घेणं शक्यच नव्हतं. हा रंग लोक भक्तीने लावतात हे मला कळतं, पण पेंट कोरीवकामात बसला की बोटं, डोळे, दागिने सगळं भरून जातं आणि मग काढताना दगडही सोलतो. कुणीतरी गावोगाव जाऊन हे नीट समजावून सांगायला हवं, नुसते बोर्ड लावून भागत नाही.

सकाळपासून सहा दगड झाले होते. फोटो, स्केल ठेवून मापं, मग वर्णन. वर्णन लिहिताना मी कडक नियम पाळते, आधी फक्त दिसतं ते लिहायचं आणि अर्थ नंतर लावायचा. एम.ए.ला पॅनॉफ्स्की या कला-इतिहासकाराचं टोपीचं उदाहरण शिकवतात. रस्त्यात ओळखीचा माणूस टोपी उचलतो तेव्हा डोळ्याला फक्त आकार बदललेला दिसतो. तो नमस्कार आहे हे कळायला त्या समाजाची रीत माहीत असावी लागते. १९३९ मध्ये त्याने हे मांडलं ते युरोपच्या चित्रांसाठी, पण शेतातल्या दगडापुढे उभं राहिलं तरी ते पहिल्याइतकंच उपयोगी पडतं.

सातव्या दगडाचं मी लिहिलं, कप्पे तीन, खालच्या कप्प्यात डावीकडून दोन घोडेस्वार, समोर पायी माणूस, उजव्या हातात तलवार. प्रकार, युद्ध. फॉर्ममध्ये तसा ड्रॉपडाउन आहे, एकच निवडता येतं.

तेवढ्यात दिवाबत्तीला एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या असतील. बराच वेळ माझं बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, याच्या खाली गाया हायती. त्या न्हाई लिवल्या?"

मी म्हटलं, "कुठे आजी?"

"फरशी टाकली तवा बुजल्या की. मी लगीन होऊन आले तवा रोज पाणी घालायचे. पाच गाया, आन एक वासरू आईला लुचतंय."

मी खाली बसले आणि बघितलं. दगड सिमेंटमध्ये रोवलेला, शेवटच्या कप्प्याच्या पट्टीखाली जेमतेम दीड बोट दगड उघडा. आजींनी फरशीवर हात टेकवून कोणती गाय कुठे ते दाखवलं. वासराची मान कशी वळलीये तेसुद्धा, स्वतःची मान वळवून.

गायी असतील तर अख्खा दगड बदलतो. मग हा कुठल्या राजाच्या लढाईतला शिपाई राहत नाही, गावची गुरं पळवून नेणाऱ्यांना आडवा गेलेला माणूस होतो. आणि 'युद्ध' असं एकदा लिहिलं गेलं की पुढचा अभ्यासक युद्ध शोधत बसतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई इतकी स्पष्ट आहे की वल्हीसुद्धा दिसतात, ती यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातली, १२६५ च्या सुमाराची, असं मानलं जातं. पण दगड स्वतःहून ती नावं सांगत नाही, ती आपण जोडलेली आहेत. जिथे जहाजं दिसतायत तिथे ही गत, तर इथे निम्मा पुरावा सिमेंटखाली.

अंधार पडेपर्यंत थांबले. तिरप्या उजेडाशिवाय झिजलेला दगड बोलत नाही, दुपारचे फोटो म्हणजे नुसती हजेरी. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरला, हळूहळू सरकवला. आणि सिमेंटच्या अगदी कडेला दोन टोकं दिसली, एकमेकांकडे किंचित वळलेली. शिंगं! अंगावर काटा आला.

घरी येऊन दुपारचा फोटो मोठा करून बघितला. त्यातही ती टोकं होती, मी त्यांची नोंद 'कड फुटलेली' अशी केली होती. इथेच माझी गाडी अडलीये. आजींनी सांगितल्यावर मला शिंगं दिसली, की दिसण्यासारखी होतीच आणि मीच नीट बघितलं नव्हतं? दोन विद्यार्थ्यांना काही न सांगता तो तुकडा दाखवला. एक म्हणाला दगड फुटलाय, दुसरी म्हणाली पानं आहेत का मॅडम?

आमच्या प्रोजेक्टवरच्या सरांचं म्हणणं, दिसत नाही ते लिहायचं नाही, ऐकीव माहिती पुरावा होत नाही. त्यांची शिस्त मला मान्य आहे, ती नसती तर प्रत्येक दगड शिवकालीन झाला असता. पण सोंथायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांबरोबर वर्षानुवर्षं हिंडले, त्यांच्या ओव्या आणि कथा ऐकत राहिले, तेव्हा कुठे खंडोबा-बिरोबाबद्दल एवढं हाती लागलं. आणि आजींनी काही दंतकथा सांगितली नव्हती, त्यांनी आकडा सांगितला, जागा सांगितली, वासराची मान सांगितली. जिने वर्षानुवर्षं रोज त्या दगडावर पाणी घातलं तिची नजर माझ्या एका दिवसाच्या नजरेपेक्षा कच्ची कशी धरायची? आमच्या फॉर्ममध्ये स्थानिक माहितीला एक रकाना नाही, ही मला मोठी चूक वाटते.

शेवटी कप्पे 'तीन' खोडून 'तीन दिसतात, खाली आणखी एक असण्याची शक्यता' असं केलं, आणि शेऱ्यात आजींचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट टाकलं. 'प्रकार'चा ड्रॉपडाउन अजून रिकामाच आहे, रोज रिमाइंडर येतोय.

देवस्थानच्या लोकांशी बोलले. कडेची वीतभर फरशी काढायला त्यांची हरकत नाही, फक्त चैत्रातली यात्रा होऊ द्या म्हणाले. आजींना विचारलं, फरशी काढतील तेव्हा येशील का थांबायला, तर म्हणाल्या, "येईन की. वासरू बघायचंय मला परत."