पगाराचा आकडा बाजूला ठेवून

नर्सिंग झालेल्या मुलीने परदेशी जावे की नाही, यावर आमच्या भागातल्या घरांत जी चर्चा होते ती बहुधा एका आकड्यापासून सुरू होते आणि त्या आकड्यापाशीच संपते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नव्याने रुजू होणाऱ्या, म्हणजे बँड पाच या वेतनश्रेणीतल्या नर्सचा 2025-26 चा वार्षिक पगार 31,049 पौंड होता. त्याचे रुपये केले की रक्कम पस्तीस लाखांच्या वर जाते, आणि सांगली-मिरजेकडच्या एखाद्या खासगी रुग्णालयात अठरा-वीस हजारांवर रात्रपाळ्या करणाऱ्या मुलीच्या वडिलांना हा गुणाकार ऐकल्यावर पुढचे काही ऐकू येत नाही. मी परिचर्या महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे हे वडील, त्यांच्या मुली आणि अलीकडे त्या मुलींचे नवरेही सल्ला मागायला येतात. त्यांच्याशी बोलून बोलून माझे मत असे झाले आहे की पगार हा या निर्णयातला सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा भाग आहे.

मुलींनी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही, आणि 'शिकायचे इथे आणि सेवा परक्यांची करायची' हा टोमणा तर मला मुळीच मान्य नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि शिकवणी रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला पंचवीस-तीस खाटा एकटीने सांभाळलेली मुलगी आमच्याकडे शोधावी लागत नाही. खासगी रुग्णालयांतल्या पगाराविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, असे त्या समितीने सुचवले. शिफारस कागदावर राहिली. राज्यातल्या सरकारी परिचारिकांना 2022 मध्ये बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर जावे लागले. ज्या व्यवस्थेने परिचारिकेला ठेवून घेण्यासाठी काहीच केले नाही, तिने निघालेल्या मुलीला देशप्रेम शिकवू नये.

मात्र जाणाऱ्या मुलीने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. देश बदलला की पगाराबरोबर नर्सचे कामही बदलते, आणि याची कल्पना मुलींना बहुतेक वेळा तिथे पोचल्यावर येते. आपल्याकडे रुग्णाचे स्पंजिंग, कपडे बदलणे, जेवण भरवणे, बेडपॅन देणे ही कामे मावशी, वॉर्डबॉय आणि मुख्यतः उशाशी बसलेले नातेवाईक करतात. सिस्टर इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी) लावते, इंजेक्शने देते, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकते, डॉक्टरांबरोबर राउंड घेते आणि रजिस्टरे भरते. जर्मनीत हे चित्र बऱ्याच अंशी उलटे आहे. तिथे रुग्णाजवळ नातेवाईक राहत नाहीत, आणि त्याला आंघोळ घालणे, दात घासायला मदत करणे, डायपर बदलणे हा प्रशिक्षित नर्सच्या कामाचा गाभा समजला जातो, तर शिरेत सुई घालणे किंवा रक्त काढणे हे बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टरांकडे असते.

माझी एक विद्यार्थिनी इथे अतिदक्षता विभागात काम करत होती. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळण्यात तिचा हात धरणारे त्या रुग्णालयात फारसे कोणी नव्हते. जर्मनीतल्या एका वॉर्डात रुजू झाल्यावर सकाळच्या पाळीचे पहिले काही तास ती एकामागून एक वयस्क रुग्णांना आंघोळ घालत होती. तिने फोनवर मला सांगितले, "मॅडम, मला काम हलकं वाटत नाही हो, पण माझे हात विसरतील अशी भीती वाटते." तिचे म्हणणे मला पटले, आणि तरीही मी तिला सांगितले की आंघोळ घालताना रुग्णाची पाठ आणि टाचा पाहणारी नर्स बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, डॉक्टरांच्या कितीतरी आधी ओळखते, आणि आपण पहिल्या वर्षी पाठ करून घेतलेली ही गोष्ट आपल्याच वॉर्डांत मावशींवर सोडून दिली आहे. पुढे ती त्या कामात रमली. तिच्याच गटातली दुसरी मुलगी मात्र ते सहन न होऊन आखातात निघून गेली. दोघीही हुशारच आहेत, पण आपल्याला या व्यवसायातले नेमके काय आवडते हे निघण्यापूर्वी दोघींनाही कोणी विचारले नव्हते.

जर्मनीचा विषय निघाला की भाषेवर थांबावेच लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि दहा हजार तरुणांचा आकडा वर्तमानपत्रांत झळकला. त्यानंतर आमच्याकडे चौकशांची रांग लागली, पण करारावर सही झाल्याने भाषा येत नाही. साधारणपणे जर्मन भाषेच्या बी-वन या मधल्या पातळीवर व्हिसाचा मार्ग खुला होतो, आणि परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी तिच्या वरची बी-टू लागते. शिवाय आपला अभ्यासक्रम तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहिला जातो, त्यात काय कमी पडते याचे पत्र येते (मुलींच्या बोलण्यात त्याचे नाव नुसते 'डेफिझिट'), आणि मग ज्ञानचाचणी देऊन किंवा रुग्णालयातच काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करून ती कमतरता भरून काढावी लागते. तोवर मुलगी सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचाच मिळतो. वडिलांनी ऐकलेला आकडा मान्यतेनंतरचा असतो, त्यातून कर आणि विम्यापोटी साधारण एक तृतीयांश कापला जातो, आणि हे दोन्ही सांगण्याची तसदी एजंट घेत नाही.

बी-वनवर विमानात बसून 'तिकडे गेल्यावर भाषा आपोआप येईल' असे मानणाऱ्या मुलींची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वर्गातली जर्मन स्पष्ट असते. वॉर्डातला ऐंशी वर्षांचा आजोबा कवळी काढून ठेवल्यावर आपल्या गावच्या बोलीत जे पुटपुटतो ती जर्मन वेगळी असते, आणि डॉक्टरने फोनवर घाईत सांगितलेली औषधाची मात्रा ही त्याहून वेगळी. समोरासमोर चेहरा पाहून अर्थ लावता येतो, फोनवर तेवढाही आधार राहत नाही. पाळी संपताना हँडओव्हर देणे, प्रत्येक गोष्ट संगणकात नोंदवणे हे सगळे त्याच भाषेत करायचे असते. आठ तास हे करून घरी आलेल्या मुलीला संध्याकाळी बी-टूचे पुस्तक उघडणे किती जड जात असेल, याची कल्पना इथे नोकरी सांभाळून बी-वन केलेल्या कोणालाही येईल. म्हणून माझा आग्रह असा की जर्मनीला जायचे असेल तर बी-टू इथेच, आईच्या हातचे जेवत पूर्ण करावे, त्यासाठी आणखी सहा महिने गेले तरी हरकत नाही. गोएथे संस्थेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात साठ टक्के लागतात. पहिल्या खेपेस दोनच सुटले म्हणून रडत बसण्याचे कारण नाही.

इंग्लंडची वाट भाषेच्या दृष्टीने ओळखीची वाटते, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुली आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात अडतात. तिथल्या परिचर्या परिषदेला लेखनात साडेसहा आणि उरलेल्या तीन भागांत सात गुण हवे असतात. त्यानंतर संगणकावरची परीक्षा असते आणि तिथे पोचल्यावर दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. या प्रात्यक्षिकात आपल्या मुली कौशल्यात सहसा कमी पडत नाहीत. हात धुणे, रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि मनगटावरचा पट्टा तपासणे, ॲलर्जी विचारणे, हात लावण्यापूर्वी परवानगी घेणे या गोष्टी मोठ्याने बोलून करायच्या असतात, आणि तिथेच त्यांचे गुण जातात. शंभर खाटांच्या धावपळीत वाढलेल्या नर्सला रुग्णाची परवानगी मागण्याची सवयच लागत नाही. याखेरीज इंग्लंडमध्ये भरतीचा जोर पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत दहा करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत मांडला आहे. ज्यांचा सगळा हिशेब पाच वर्षांवर बेतलेला होता त्यांनी तो पुन्हा मांडावा. अमेरिकेबद्दल एवढेच सांगते की तिथली नर्सिंगची परीक्षा उत्तीर्ण होणे शक्य आहे, पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, रांग दहा वर्षांहून अधिक मागे आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत आमच्या मुलींची एक खास अडचण आहे, ती केरळच्या मुलींना समजावून सांगावी लागते. लग्नापूर्वी मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, लग्नानंतर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, आणि काही घरांत तर मुलीचे पहिले नावही बदललेले. दहावीचे प्रमाणपत्र, विद्यापीठाची पदवी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी एका नावाने. आधार, पासपोर्ट आणि बँकेचे खाते दुसऱ्या नावाने. आखाती देशांसाठी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा महाविद्यालय, परिषद आणि पूर्वीचे रुग्णालय अशा प्रत्येक ठिकाणी थेट विचारणा केली जाते, आणि नावातला असा फरक राजपत्रातल्या नावबदलाच्या नोंदीने व विवाह प्रमाणपत्राने जुळवला नसेल तर फाइल महिनोन्महिने अडकते. अनुभवाचेही तसेच. डॉक्टरांच्या छोट्या नर्सिंग होममध्ये रोखीने पगार घेऊन, नेमणूकपत्राशिवाय केलेली तीन वर्षे पडताळणीच्या वेळी शून्य ठरतात. मूळ प्रमाणपत्रे 'बाँड'च्या नावाखाली अडकवून ठेवणारी रुग्णालये आहेतच. त्यामुळे परदेशी जायचा विचार नसला तरी पहिल्या नोकरीपासून नेमणूकपत्र मागून घ्या, पगार बँकेत घ्या आणि मूळ कागद कोणाच्याही कपाटात ठेवू नका, असे मी प्रत्येक तुकडीला सांगते.

केरळमधल्या मुलीला आखातात गेलेली एखादी मावशी, आयर्लंडमध्ये स्थिरावलेली चुलत बहीण असते. कोणते रुग्णालय वेळेवर पगार देते, कोणत्या करारात काय लपलेले असते, हे तिला घरात जेवताना कळते. शिवाय नोर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यांच्या सरकारी संस्था अनेक वर्षे परदेशी नोकऱ्यांसाठी भरतीचे काम करत आल्या आहेत. आमच्या मुलींना विचारायला अशी मावशी नाही, म्हणून त्या एजंटाला विचारतात. आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या नर्सना 2015 पासून केंद्र सरकारची स्थलांतर मंजुरी घ्यावी लागते. टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो, असे सांगणारा माणूस तिला या संरक्षणाच्या बाहेर नेत असतो. नोंदणीकृत एजंटालाही घेता येणारे शुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच आहे. जर्मनीच्या ट्रिपल विनसारख्या सरकारी योजनेत तर उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे चार-पाच लाखांसाठी गुंठे विकायला निघालेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि अशा वेळी मी सल्लागाराची सभ्यता सोडून सरळ नाही म्हणते.

मी स्वतः कधी गेले नाही. आमच्या वेळी सौदीच्या मुलाखती मुंबईत होत आणि माझ्या बरोबरीच्या काही जणी गेल्या. मला सरकारी नोकरी लागली आणि तो विषय मागे पडला. म्हणून आखाताविषयी मी त्यांच्याकडून ऐकलेलेच सांगू शकते. तिथला पगार करमुक्त असतो, बचत खरी होते, घर बांधून होते, पण तिथे मूळ धरता येत नाही, आणि नवऱ्या-मुलांना नेणे पगाराच्या अटींवर अवलंबून राहते. ठरावीक कामासाठी, ठरावीक वर्षांसाठी जाणाऱ्या मुलीला आखातच बरे, असे मला वाटते.

लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत चर्चा आणखी अवघड होते, कारण बैठकीत मुलगी सोडून सगळे बोलतात. सासरे खर्चाविषयी विचारतात, नवरा 'मला तिकडे काय काम मिळेल' हे विचारतो, आणि दोन वर्षांच्या नातवाला कोण सांभाळणार हे सासूबाई न विचारताही सर्वांना ऐकू येते. नवऱ्याचा प्रश्न मला रास्त वाटतो. इथे पतपेढीत किंवा कारखान्यात कायम असलेला माणूस तिथे भाषेविना गोदामात सामान उचलत असेल, तर त्या घरातली कुरबुर मुलीच्या पगाराने मिटत नाही. त्यानेही तिच्याबरोबर जर्मनच्या वर्गाला बसावे, असे मी सुचवते. काही जण बसतात.

परत येण्याचा विचार तर जवळपास कोणीच करत नाही. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी 35,400 ते 1,12,400 अशी आहे, आणि भरतीसाठी वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, तर मागासवर्गीयांना 43 वर्षे. जर्मनीची तयारी, मान्यता आणि मग स्थिर नोकरी यात चार-पाच वर्षे सहज जातात, आणि परत आल्यावर खासगी रुग्णालये तिकडच्या अनुभवाचे कौतुक करून पगार मात्र इथल्याच दराने देऊ करतात. म्हणून 'दोन-तीन वर्षे जाऊन येते' असे म्हणणारी बत्तीस-तेहतीस वर्षांची विद्यार्थिनी समोर बसली की मी तिला आधी तिचा प्रवर्ग आणि जन्मतारीख विचारते, परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण चालू ठेवायला सांगते, आणि कोणत्या देशात जायचे याकडे त्यानंतर वळते.