सायकलच्या फ्रेमचं काम परत चालू, पुढचा त्रिकोण जोडून झाला

राम राम भो मंडळी. मधे बदल्या, घराचं बांधकाम, सगळं आलं आणि गॅसचा टॉर्च कोपऱ्यात पडून राहिला तो राहिलाच. आखाजी झाल्यावर भुसावळच्या घरामागे पत्र्याच्या शेडमधे व्हाइस परत बसवला.

ट्यूब ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील), वरची टॉप ट्यूब २८.६ आणि खालची तिरपी डाउन ट्यूब ३१.८ मिमी, भिंत ०.९-०.६-०.९ मिमी, म्हणजे टोकं जाड आणि मध्य पातळ. बाहेरून ट्यूब सगळीकडे सारखीच दिसते, म्हणून जाड टोकं कुठपर्यंत आहेत ते कापायच्या आधीच मार्करने लिहून ठेवायचं, नाहीतर सांधा नेमका पातळ भागावर येतो आणि पैसे पाण्यात. माइटर, म्हणजे दुसऱ्या ट्यूबवर चपखल बसायला टोकाला केलेल्या गोल खाचा, कानशीनेच केले. कागदाचं टेम्प्लेट गुंडाळायचं, अर्धगोल कानस, मग सांधा बल्बसमोर धरून बघायचं, फटीतून उजेड आला की परत घास. मशीनवर पटकन होतं माहितीय, पण मजा यात आहे.

खरा प्रश्न गॅसवर काम कधी करायचं हा होता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, दुपारी पत्र्याखाली टॉर्च घेऊन उभं राहणं म्हणजे वेडेपणाच, म्हणून काम पहाटे अंधारात. आणि खरं सांगू का, उन्हाळा नसता तरी मी अंधारच निवडला असता, कारण सांधे जोडायचा ५६ टक्के चांदीचा रॉड ६५० अंशाला पूर्ण वितळतो आणि तेव्हा स्टील जेमतेम मंद लाल झालेलं असतं, भर उजेडात तो रंग दिसतच नाही. फ्लक्स (सांध्याला लावलेला लेप) आधी पांढरा होऊन फुगतो, मग एकदम पाण्यासारखा पारदर्शक होतो, तेव्हा रॉड टेकवायचा. ज्योत लगच्या (ट्यूबची टोकं ज्यात बसतात ती स्टीलची बाही) दुसऱ्या टोकाकडे नेली की चांदी तिच्या मागे आत ओढली जाते आणि कडेला बारीक चकाकती रेघ उमटते. ती रेघ बघायला मी तासभर लवकर उठायला तयार आहे!

रॉड घेताना एक बघा, कॅडमियमवाला नको. स्वस्त पडला तरी नको, त्याचा धूर फुफ्फुसाची वाट लावतो, आणि बंद शेडमधे तर विचारूच नका.

जळगावच्या सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या कारागिराला हँडलकडच्या हेड लगचा सांधा दाखवला, तो उलटसुलट बघून म्हणे, आमचं बी हेच काम हाय भो, तुमचा दागिना तेवढा मोठा.

बीबी शेल (पेडलचा आस बसतो ती आखूड नळी) ६८ मिमीचा, सीटखालची सीट ट्यूब त्याला काटकोनात बसलीय, एका वर्कशॉपच्या सरफेस प्लेटवर तपासली. हेड ट्यूबचा कोन ७२, सीट ट्यूबचा ७३ अंश, शेतरस्त्यांवर फिरायचंय म्हणून ३८ मिमीचे टायर आणि मागे १३५ मिमीचा हब. ड्रॉपआउटला (मागचं चाक अडकतं ती खाचेची पट्टी) मात्र पितळ वापरणार, तिथे फट मोठी असते आणि चांदीला बारीक फट लागते. पितळाला ९००च्या आसपास तापवावं लागेल, म्हणून आधी तुकड्यांवर हात साफ करतोय. सीटस्टेच्या (सीटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) टोप्या घरी कोणी बनवल्यात का? बनवल्या असतील तर कशातून कापल्या ते सांगा, तोवर चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) घासायला घेतो.