म्युनिकहून भाड्याच्या गाडीनं स्वित्झर्लंडमध्ये: माझा अनुभव

परदेशात भाड्याची गाडी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जायचं म्हटलं की आपल्याकडं जो तो पासपोर्टची काळजी करतो. आमचे पासपोर्ट कुणी उघडूनही पाहिले नाहीत. घोडं अडतं ते गाडीच्या कागदांवर, आणि त्यातला पहिला कागद नागपुरातच काढून ठेवावा लागतो.

भाचा म्युनिकला शिकतो. त्याला घेऊन झुरिकला जायचं ठरलं. ट्रेन आहे, चांगली आहे, पण सोबत गुडघे दुखणारी आई होती आणि वाटेत मनाला येईल तिथं थांबायचं होतं. भाच्याकडं नागपूरचं लायसन्स आहे. पण जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाचं भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, नंतर तिथलं काढावं लागतं आणि त्याला भरपूर पैसे मोजावे लागतात. "मामा, स्टिअरिंग तुमच्याच हाती," त्यानं फोनवरच सांगून टाकलं. पर्यटकाला ही अडचण नसते.

आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, मी गिरीपेठेतल्या शहर आरटीओतून काढला. आमचं एमएच ३१. पूर्व नागपूरवाल्यांना एमएच ४९ चं कार्यालय. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, फॉर्म ४ए, लायसन्स आणि पासपोर्ट जोडायचा, फी १,००० रुपये. मुदत एक वर्ष. गेटवरचे एजंट 'साहेब, करून देतो' म्हणत मागं लागतात, पण त्यांची काही गरज पडत नाही. २०२२ पासून या परवान्याचा नमुना देशभर एकच आहे, त्यावर क्यूआर कोडही असतो. मात्र तो एकटा काही कामाचा नाही, आपलं मूळ लायसन्स कार्ड सोबत लागतंच. डिजिलॉकर दाखवून नागपुरात चौकातला पोलीस सोडतो, तिथल्या काउंटरवर ते चालेल या भरवशावर राहू नका.

बुकिंग करताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा: गाडी कोणकोणत्या देशांत नेता येते. हे अटींमध्ये खोल कुठंतरी दडलेलं असतं. जर्मनीतून ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडला सहसा परवानगी मिळते. पूर्वेकडच्या देशांची यादी कंपनीनुसार बदलते, आणि गाडी जितकी महाग तितके निर्बंध जास्त. न विचारता नेली आणि कुठं ठोकली, तर विमा हात वर करतो. म्हणून मी आधीच मेल करून लेखी होकार घेतला. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं हवं, डिपॉझिट त्यावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्डावर बहुतेक ठिकाणी हे जमत नाही.

एवढं करूनही काउंटरवर मुलीनं हसत हसत सीमेपार जाण्याचं वेगळं शुल्क लावलंच. मेल दाखवला, तर म्हणाली परवानगी आहे, फुकट आहे असं कुठं लिहिलंय? वाचून पाहिलं, खरंच लिहिलेलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की करारावर दोन्ही देशांची नावं छापून दे. दिली. मशीननं 'रुपयांत की युरोत' विचारलं, तर युरो दाबा. रुपयांचा दर ते स्वतः लावतात आणि तो आपल्याला महागच पडतो.

आता टोल. स्वित्झर्लंडच्या महामार्गांना व्हिन्येट, म्हणजे काचेवर लावायचं टोलचं स्टिकर लागतं, ४० फ्रँक, आणि ते फक्त वर्षाचंच मिळतं. दोन दिवस जा की दोनशे, पैसे तेवढेच. ऑगस्ट २०२३ पासून ते ऑनलाइनही मिळतं, पण गाडीच्या नंबरला जोडलेलं. भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कुणाला माहीत? म्हणजे नागपुरात बसून आगाऊ घ्यायची सोयच नाही. आम्हाला मिळालेल्या गाडीच्या नंबराच्या सुरुवातीला म्युनिकचा एम नव्हता, हॅम्बुर्गचा एचएच होता. काचेवर आधीच्या कुणाचं स्टिकर आहे का ते पाहिलं, नव्हतं. पार्किंगमध्येच भाच्यानं स्विस सरकारच्या साइटवर नंबर टाकून पैसे भरले. बाकीच्या साइटी तेच काम जास्त पैसे घेऊन करतात. व्हिन्येट नसताना पकडलं तर २०० फ्रँक दंड, वर व्हिन्येट घ्यावं लागतं ते वेगळंच.

वाट लिंडाऊवरून. मध्ये ऑस्ट्रियाचा छोटासा तुकडा लागतो, त्यात फेंडरचा लांबलचक बोगदा. ऑस्ट्रियाचं व्हिन्येट वेगळं, पण हद्दीपासून होहेनएम्सपर्यंतचा पट्टा डिसेंबर २०१९ पासून त्यातून वगळलाय, आणि आम्हाला त्याच्या आधीच उतरायचं होतं. वळताना इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू होत होता, त्यावर मागून आईची टिप्पणी चालू होती.

लुस्टेनाऊला ऱ्हाइनवरचा पूल ओलांडला की स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे, पण युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही, म्हणून इथं माणसांपेक्षा सामान आणि गाडी बघतात. अधिकाऱ्यानं काच खाली करायला लावली, गाडी कुणाची विचारलं. मी करार दिला. त्यानं देशांच्या नावांची ओळ बोटानं शोधली, वाचली, कागद परत केला. पासपोर्ट माझ्या मांडीवर तसेच. मग सामानात काय आहे? माणशी एक किलोपर्यंत मांस, आणि २०२५ पासून १५० फ्रँकपर्यंतच्या वस्तू करमुक्त. आमच्याकडं चिवडा होता. संत्रा बर्फी नागपुरातच राहिली होती. भारतातून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि बर्फी म्हणजे खवा. "खव्यानं त्यांचं काय बिघडलं असतं?" आईनं अधिकाऱ्यासमोरच मराठीत विचारलं. त्यानं हातानं जा म्हणून खूण केली.

पलीकडं महामार्गाच्या पाट्या निळ्याच्या हिरव्या होतात, वेग १३० वरून १२० वर येतो, आणि दिवसाही दिवे लावावे लागतात. भाच्याचं जर्मन सिम रोमिंगमध्ये गेलं. युरोपियन युनियनमधलं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

परत करताना टाकी भरून दिली, पावती ठेवली, चारही बाजूंचे फोटो काढले. डिपॉझिट सुटलं, पण नागपूरला पोचल्यावर, आणि तेही बँकेत दोनदा फोन केल्यावर. ते व्हिन्येट मात्र त्या एचएचवर पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत चालू राहणार. माझ्यानंतर ती गाडी घेऊन स्वित्झर्लंडला जाईल त्याचे ४० फ्रँक वाचले.